वाचता येतं, कळत नाही

रात्री साडेदहाच्या सुमारास फोन वाजला आणि एक फोटो आला. वहीचं पान होतं. शाळेत आम्हाला मिळायच्या तसली शंभरपानी वही, समासाची लाल रेघ विटून गुलाबी झालेली, कडांना तेलाचे डाग. अक्षर मी लगेच ओळखलं. ठाण्याला आमच्या शेजारी राहणाऱ्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, आजींचं ते अक्षर, किरटं, प्रत्येक शब्दावरची रेघ फुटपट्टी धरून मारल्यासारखी सरळ. आजींना जाऊन सहा वर्षं झाली. फोटो पाठवला होता त्यांच्या नातीने. ती इस्राएलमधल्या अश्दोदलाच जन्मली, तिथेच शिकली. घरात कानावर पडणारं मराठी तिला बऱ्यापैकी बोलता येतं, पण देवनागरी अक्षर ओळखता येत नाही. खाली तिचा निरोप, तिच्या आवाजात: “मावशी, ही आईच्या ट्रंकेत मिळाली. आजीची. वाचून पाठवशील?”

एवढंच काम. मी चष्मा लावला आणि फोनचं बटण दाबून वाचायला लागले. “वयित्तेन लखा हाएलोहिम मिट्टल हश्शामायिम...” आणि थांबले. अक्षर न् अक्षर स्वच्छ होतं. काना, मात्रा, वेलांटी, सगळं जिथल्या तिथे. पण एकाही शब्दाने आतून ओ दिली नाही. अडखळत, कसंबसं पान संपवून पाठवून दिलं. पाच मिनिटांनी तिचाच फोन आला. बराच वेळ काही बोलेना. मग म्हणाली, “परत वाच ना, हळू.” मी वाचलं. “मिट्टल नाही गं मावशी, मित्ताल. ताल म्हणजे ते... सकाळी गवतावर असतं ना पाणी?”

“दव?”

“हां, दव. माझ्या वर्गात एक मुलगा होता. ताल नावाचा.”

मग तिने मला त्या हिब्रू ओळीचा अर्थ सांगितला, मोडक्या मराठीत, शब्द शोधत शोधत: देव तुला आभाळातलं दव देवो, जमिनीचा कस देवो, भरपूर धान्य आणि नवा द्राक्षारस देवो. फोन ठेवल्यावर मला झोप लागेना. वाईट वाटण्यासारखं काही घडलं नव्हतं, उलट छानच झालं होतं. पण एक कुसळ रुतून बसलं. मला जे वाचता येतं ते मला कळत नाही आणि जिला कळतं तिला ते वाचता येत नाही. आम्ही दोघी मिळून, मध्ये फोन धरून, एक वाचक झालो होतो.

लहानपणी आजींच्या घरी मलिदा असला की आमच्याकडे ताटली यायचीच. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर बदाम-बेदाणे, बाजूला केळ्याचे काप आणि गुलाबाच्या पाकळ्या. गोड पोहे म्हणजे आमच्याकडे कृष्णाचे, त्यांच्याकडे एलियाहू हनाबी या संदेष्ट्याचे, एवढाच मला फरक कळायचा. चौकटीला उजव्या बाजूला तिरकी ठोकलेली छोटी डबी असायची. येता-जाता आजी तिला बोटं लावून ती ओठांना लावायच्या, आणि खेळायला जाताना मीही लावायचे, आमची आई डोळे वटारायची तरी. टेंभी नाक्याजवळच्या सिनेगॉगला त्या ‘मशीद’ म्हणत. सणांची नावं तर अशी मराठी की आपल्यालाच हेवा वाटावा: खिरीचा सण, दार फळण्याचा सण, बिरड्याचा सण. वालाचं बिरडं कुणाच्या दुःखाच्या दिवसाला नाव देऊ शकतं हे मला फार उशिरा कळलं. जेरुसलेमचं मंदिर पडल्याचा शोक, आणि त्याची कोकणातली खूण काय, तर सोललेले वाल.

ती वही त्यांच्या हातात मी कितीदा पाहिली होती. एकदा विचारलं होतं, “आजी, याचा अर्थ काय?” त्या म्हणाल्या, “अर्थ त्याला ठाऊक. आपण म्हणायचं.” मला ते उत्तर मुळीच विचित्र वाटलं नाही, कारण आमची सख्खी आजी विष्णुसहस्रनाम तसंच म्हणायची. पाठ, बिनचूक, अर्थाच्या वाटेला न जाता. दोन्ही घरांत देव आणि माणूस यांच्यात अशी एक न कळणारी भाषा होती आणि ती अशी देवनागरीत लिहून ठेवलेली होती.

पण आजींनी ती हिब्रू लिपीतच का नाही लिहिली? त्यांच्या देवघरात, म्हणजे कपाटाच्या वरच्या खणात, हिब्रू पुस्तकं होती की. त्यांच्या वडलांना ती वाचता यायची, असं त्या अभिमानाने सांगत. मग वडलांना ती कुणी शिकवली? कोकणात तेल गाळून, शनिवारी घाणा बंद ठेवून ‘शनवार तेली’ म्हणवून घेणाऱ्या या माणसांकडे अठराव्या शतकापर्यंत हिब्रूचं म्हणावं तर एक वाक्य उरलं होतं, ‘शेमा यिस्राएल’, म्हणजे ‘इस्राएला, ऐक’. पोथी नाही, लिपी नाही. सुंता, शनिवार, खवले असलेलीच मासळी, आणि हे एक वाक्य. त्यावर त्यांनी शतकं काढली. कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी त्यांना पुढे शिकवलं, हे मी ऐकलं होतं. त्या रात्री झोप येत नव्हती म्हणून मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश काढला, ‘मलिदा’ हा शब्द पाहायला. शब्दापर्यंत पोचलेच नाही. सुरुवातीच्या पानांतच अडकले. १८५७ च्या आवृत्तीला मराठी भाषेची घडण आणि तिचा प्रसार यांवर एक लांबलचक टिपण जोडलेलं आहे, आणि त्याखाली नाव आहे जॉन विल्सन.

विल्सन म्हणजे चौपाटीवरचं कॉलेज! माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली ‘विल्सनला’ गेल्या. त्या इमारतीच्या समोर उभं राहून मी आयुष्यात शंभरदा भेळ खाल्ली असेल. विल्सन हा माणूस असेल असा विचार एकदाही मनात आला नव्हता. दादर, परळ, विल्सन. आणि गंमत म्हणजे ती टोकदार कमानींची इमारत त्याने पाहिलीच नाही. ती उभी राहिली १८८९ मध्ये, तो गेला १८७५ च्या १ डिसेंबरला, मलबार हिलवरच्या आपल्या घरी.

पुढचे काही दिवस मी या माणसाच्या मागे लागले. १८०४ मध्ये स्कॉटलंडच्या दक्षिणेकडच्या लॉडर नावाच्या गावात जन्म. एडिंबरोत शिक्षण. तिकडे पाद्री व्हायचं तर हिब्रू शिकावंच लागे, तसं तो शिकला, पण बहुतेक पाद्री ती परीक्षेपुरती शिकतात आणि विसरतात, याने ती जन्मभर सांभाळली. १८२८ मध्ये दीक्षा, त्याच वर्षी मार्गारेट बेनशी लग्न, आणि १८२९ च्या फेब्रुवारीत दोघं मुंबईच्या धक्क्यावर. तिथून कुठे, तर बाणकोट-हर्णैकडे, मराठी शिकायला. मला हे चित्र सोडवत नाही. कोकणातला उन्हाळा, सुकटीचा वास, खाडीवरची दमट हवा, आणि चोवीस वर्षांचा एक गोरा तरुण ‘ळ’ म्हणायला शिकतोय. थोड्याच महिन्यांत तो मराठीत प्रवचन करायला लागला. मग गुजराती, हिंदुस्तानी, फारसी, संस्कृत. मार्गारेटही मराठी शिकली आणि तिने मुंबईत मुलींसाठी शाळा काढल्या, पुण्यात भिडेवाड्यातली शाळा सुरू व्हायच्या जवळजवळ वीस वर्षं आधी. १८३५ मध्ये ती इथेच वारली. नवऱ्याच्या नावाचं कॉलेज झालं. तिच्या नावाने मी कुणाला भेळ खाताना ऐकलं नाही.

आणि १८३२ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं त्याच वर्षी, या विल्सनने एक पुस्तक छापलं: हिब्रू भाषेचं प्राथमिक व्याकरण, मराठीत. बेने इस्राएल मुलांसाठी. मराठी गद्याला अजून स्वतःचे नीट पाय फुटले नव्हते. छापलेली मराठी पुस्तकं कपाटाच्या एका खणात मावली असती. त्यांत एक हे! मराठीतून संस्कृत शिकायची सोय धड नव्हती तेव्हा मराठीतून हिब्रू.

त्या पुस्तकाचा विचार करत मी स्वतःच हिब्रूच्या बावीस अक्षरांपुढे बसले. नात रोज फोनवर धडा घ्यायची, चुकले की खिदळायची. तेव्हा लक्षात आलं की विल्सनला ही भाषा जेवढी परकी वाटली असेल त्यापेक्षा त्याच्या विद्यार्थ्यांना ती जवळची वाटली असणार. अक्षरांच्या खाली-वर ठिपके आणि रेघा देऊन स्वर दाखवायचे, हे इंग्रजी माणसाला खटाटोप वाटतो. आपण काना-मात्रा-उकारावर वाढलेले, आपल्याला त्यात काय नवल? ‘तो जातो’, ‘ती जाते’, असं क्रियापदाने बाई-पुरुष सांगायचं ही इंग्रजीत न जमणारी गोष्ट हिब्रूत सर्रास आहे. ती भाषा तर एक पाऊल पुढे, ‘तू’सुद्धा पुरुषाला वेगळा आणि बाईला वेगळा. आपल्याकडे नपुंसकलिंग जास्तीचं, त्यांच्याकडे ते नाहीच. मी तिला म्हटलं, “तुमच्याकडे मूल ‘ते’ नसतं?” ती म्हणाली, “नाही, जन्मल्या जन्मल्या ठरवावं लागतं.”

आणि मग शब्द. तीन व्यंजनांच्या मुळातून शब्दांचं झाड उगवतं ही हिब्रूची रीत अरबीचीही आहे, कारण त्या बहिणी. आणि अरबीचे शब्द फारसीच्या पालखीतून आपल्या ओसरीवर कधीचेच येऊन बसलेत. त्यामुळे नात ‘कातव’ म्हणाली, लिहिलं, की मला ‘किताब’ ऐकू यायचं. ‘मेलेख’ म्हणजे राजा, आपला ‘मालक’. ‘केवेर’ म्हणजे ‘कबर’. ‘शालोम’ आणि ‘सलाम’ तर कुणीही सांगेल. पण ‘हाईम’ म्हणजे आयुष्य, आणि आपण कुणाच्या ‘हयातीत’ म्हणतो तेव्हा तेच मूळ बोलत असतं, हे तिने सांगितलं तेव्हा मी हातातलं भांडं खाली ठेवलं. बेने इस्राएलांचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल केहिमकर, त्यांच्या नावात हयात होती आणि आडनावात कोकणातलं गाव. सात-बाराच्या उताऱ्यात, कोर्टाच्या समन्सात, आजीच्या ‘माझ्या हयातीत तरी’ या टोमण्यात आपण रोज हिब्रूच्या बहिणीशी बोलत असतो.

इथपर्यंत सगळं गोड आहे. मलिद्यासारखं. पण विल्सन हे व्याकरण कशासाठी लिहीत होता? त्यात आडपडदा नव्हता, तो स्वतःच सांगे. हे लोक आपल्या पूर्वजांचा ग्रंथ मूळ भाषेत वाचू लागले की त्यातल्या संदेष्ट्यांच्या भाकितांमधून ते येशूपर्यंत पोचतील, ही त्याची आशा होती. व्याकरण ही पायरी, वर चर्चचं दार. हाच माणूस हिंदू धर्माची बाजू मांडणाऱ्या मोरभट दांडेकरांशी जाहीर वाद घालत होता, आणि त्याच १८३२ मध्ये त्यांना उत्तर म्हणून हिंदू धर्माचं ‘पितळ उघडं पाडणारं’ पुस्तकही त्याने छापलं. ते मी चाळलं. राग येतो. विद्वान माणूस इतक्या जवळून आपल्याकडे पाहतो, इतका अभ्यास करतो, आणि पाहून शेवटी काय काढतो, तर दोष. १८३९ मध्ये त्याच्या शाळेतल्या दोन पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा मुंबईत गहजब झाला, खटला झाला, पारशी पालकांनी मुलं काढून घेतली. १८४३ मध्ये त्याच्या मिशनमधल्या शेषाद्री या ब्राह्मण भावांच्या धर्मांतराचं प्रकरण. धाकटा श्रीपत अगदीच पोर. कोर्टाने त्याला बापाच्या हवाली केलं, तर आपले शास्त्री त्याला परत जातीत घ्यायला तयार होईनात, आणि बाळशास्त्री त्याच्या बाजूने उभे राहिले म्हणून त्यांनाही त्रास. त्या गोष्टीत मला कुणाचीच बाजू सुखाने घेता येत नाही, बाळशास्त्री सोडून. पाद्री मुलाचं मन बापापासून तोडतो, आणि बापाची जात मुलाला दारात उभं ठेवते. अशा घरात मध्यरात्री काय बोलणं होत असेल?

आणि तरीही हाच माणूस गिरनारच्या शिळेवरचे लेख उतरवून घेतो, ते कलकत्त्याला ब्राह्मी लिपी उलगडणाऱ्या प्रिन्सेपकडे जातात, आणि दोन हजार वर्षं मुका झालेला अशोक बोलायला लागतो. वाचता न येणारं काही दिसलं की या गृहस्थाला चैन पडत नसे, असं मला वाटायला लागलं आहे. ब्राह्मी असो, पारशांचे ग्रंथ असोत, लेण्यांमधले लेख असोत. १८४३ मध्ये मायदेशी जाताना वाट वाकडी करून, बाप्तिस्मा घेतलेल्या त्या दोघांपैकी धनजीभाई नौरोजींना सोबत घेऊन तो सिनाई आणि पॅलेस्टाइन हिंडून आला. उंटावर एक स्कॉट आणि एक पारशी, जुन्या कराराचा नकाशा ताडून पाहत! पुढे मुंबई विद्यापीठाचा कुलगुरू झाला, आणि हिब्रूला विद्यापीठाच्या परीक्षांत जागा मिळाली ती त्याच्याच खटपटीने.

आता गंमत अशी की बेने इस्राएलांनी ती पायरी घेतली आणि दाराकडे पाठ केली. ख्रिस्ती झाले ते फारच थोडे. बाकीच्यांनी व्याकरण शिकून घेतलं आणि आपली ‘मशीद’ गाठली. जोसेफ एझिकेल राजपूरकर हिब्रूचे पंडित झाले, डेव्हिड ससून यांच्या नावाच्या शाळेत मुख्याध्यापक, विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक, आणि त्यांनी आयुष्यभर काय केलं, तर आपल्या प्रार्थना मराठीत आणल्या. १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडण या ज्यू सणाचं पुस्तक छापलं गेलं, हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी, आणि चित्रांत साड्या नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकऱ्या करताहेत. मग त्यांनी कीर्तनंही सुरू केली, मोशेची, योसेफाची, ओव्या आणि साक्यांसकट. पाद्रीबुवांना हे पाहून काय वाटलं असेल? हसू आलं असेल की हात टेकले असतील? एका मोडत आलेल्या घराला त्याने शिडी आणून दिली, खाली उतरून माझ्याकडे या म्हणून. ते वर चढले आणि छपराची कौलं शाकारून बसले.

नातीला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती विल्सनवर खूश नव्हती. “म्हणजे त्याला आम्ही नको होतो. आमच्या जागी दुसरे कोणीतरी हवे होते,” असं ती म्हणाली. मी गप्प बसले, कारण मोरभटांना उत्तर देणारं ते पुस्तक वाचताना मला नेमकं हेच वाटलं होतं. मग थोड्या वेळाने तिनेच विचारलं, “मावशी, ती ओळ कुठली आहे माहितीये? आजीच्या वहीतली?” मला माहीत नव्हती. उत्पत्तीच्या सत्ताविसाव्या अध्यायातली. म्हातारा, आंधळा झालेला इसहाक थोरल्या एसावाला आशीर्वाद द्यायला बसला आहे, आणि धाकटा याकोब हातांना करडाची कातडी गुंडाळून पुढे येतो. बाप चाचपतो. आवाज याकोबाचा, हात एसावाचे. आणि तो आशीर्वाद देऊन टाकतो, दव, धान्य, द्राक्षारस. खरा मानकरी शिकारीहून परत येतो तेव्हा देणं होऊन गेलेलं असतं, आणि ते परत घेता येत नाही. “आणि आम्ही सगळे त्या याकोबाची पोरं,” ती म्हणाली. “फसवून घेतलेला आशीर्वाद, पण चालतो अजून.” आणि हसली, आजींसारखं, नाकातून.

वहीची चाळीस पानं आहेत. रोज एक करतो आम्ही. मी वाचते, ती ऐकते, दुरुस्त करते, अर्थ सांगते. आजींनी काही ठिकाणी ऐकून लिहिताना शब्द चुकीच्या जागी तोडलेत, तिथे दोघींची त्रेधा उडते. काही पानांवर मध्येच हिशेब आहे: रॉकेल, दूध, वाण्याचे सव्वा तीन रुपये. एका पानाच्या कोपऱ्यात माझं घरातलं लाडाचं नाव आहे आणि पुढे ‘कांजिण्या’. त्या पानावरची प्रार्थना कसली, हे नातीने सांगितलं, आजारातून बरं होण्याची. आई मला नेहमी म्हणायची की तुला कांजिण्यांत देवीच्या ओटीने उतार पडला. आता कुणाकुणाचा हात होता कोण जाणे.

आता तिला देवनागरी शिकायची आहे. मी तिला बाराखडीचा तक्ता पाठवला, मुळाक्षरं गिरवून पाठवायला सांगितली. परवा रात्री पहिला शब्द आला. चौकोनी कागदावर, पेन्सिलीने, खूप दाबून. तिने ‘दव’ लिहिलं होतं, पण सवयीने उजवीकडून सुरुवात केली होती. मी माझ्या सवयीने डावीकडून वाचलं.

वद.

मी फोन लावला. तिकडे आठ वाजले होते, ती जेवत होती. “चुकलं का गं?” तिने तोंडात घास असतानाच विचारलं.